चौकटीत आणखी कोणीतरी

वर्ग नुकता सुरू झाला होता, तेवढ्यात दाराची बेल वाजली. वाजली म्हणजे काय, कुणीतरी तिच्यावर बोट दाबूनच धरलं.

"आले, आले! जीव चाललाय का कुणाचा?" मी ओरडतच उठले.

दारात पार्सलवाला होता, आणि पार्सल वरच्या मजल्यावरचं. त्याला वर पिटाळून मी परत येऊन बसले, तर लॅपटॉपच्या पडद्यावरच्या सगळ्या चौकटी माझ्याकडे बघून हसत होत्या. एका दूरच्या विद्यापीठाचा तो ऑनलाइन उन्हाळी वर्ग. विषय होता चेहरा काढायला शिकण्याचा. कुठकुठल्या देशांतली माणसं त्यात होती. कुणाच्या खिडकीत पहाट, कुणाच्या खिडकीत भर दुपार, आणि माझ्याकडे संध्याकाळ. भाषा एकमेकांना कळत नसल्या तरी ओरडणं सगळ्यांनाच कळतं.

खाली कोपऱ्यात एक निरोप उमटला. फक्त मला पाठवलेला, आणि चक्क माझ्या भाषेत.

"जीव कुणाचाच चाललेला नाही. पण तुमचा माइक चालू आहे."

मी झटकन माइक बंद केला. कान गरम झाले. लगेच दुसरा निरोप आला.

"मागे बसलेल्या बाईंना सांगायचं होतंत ना दार उघडायला."

मी मागे वळले. भिंतीपाशी खुर्ची होती. रिकामी. मी या घरात एकटीच राहते.

"ओळख करून घ्यायची ही नवीन तऱ्हा वाटतं?" मी टाइप केलं.

"कुठली?"

"मागे बाई बसल्यात वगैरे."

 मी त्याची चौकट शोधून काढली. किडकिडीत तरुण, विस्कटलेले केस, आणि पाठीमागे छतापर्यंत चष्म्यांचे खण. शेकडो रिकाम्या फ्रेमा. सगळ्या जणू माझ्याकडेच रोखून बघत होत्या… आणि तोही. पण माझ्याकडे नाही. माझ्या खांद्याच्या जरा वर, जरा मागे.

मग निरोप आला. "बसल्या नाहीयेत का?"

*

प्राध्यापक बाईंनी दुसऱ्याच दिवशी जोड्या लावल्या. समोरच्याने आपला चेहरा काढायचा, आपण त्याचा. "आधी बघा," त्या म्हणाल्या. "पुष्कळ वेळ नुसतं बघा. पेन्सिल कुठे पळून जात नाही." आणि आम्हा दोघांना एका वेगळ्या खोलीत टाकून दिलं. खोली कसली, पडद्यावर दोनच चौकटी.

"मी चष्मेवाला," तो म्हणाला. "म्हणजे इथे परदेशात वडिलांचं दुकान आहे. मी काचा घासतो, नंबर काढतो."

"मी दातवाली."

"डॉक्टर?"

"छे हो! डॉक्टर दात काढतात. मी बनवते. कवळ्या, कॅप, ब्रिज. माझ्यासमोर माणसं नसतात, नुसते प्लास्टरचे जबडे असतात."

तो थोडा पुढे झुकला. "म्हणजे ज्यांना तुम्ही कधी बघत नाही, त्यांचं हसू तुम्ही करता?"

माझ्या कामाबद्दल असं आजवर कुणी बोललं नव्हतं. आमच्या लॅबमध्ये फार तर 'उंची कमी कर' नाहीतर 'रंग एक छटा पिवळा हवा' एवढंच बोलतात. मी उगीचच पेन्सिलीला टोक काढायला घेतलं, टोक चांगलं असताना.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "लोकांना नीट दिसावं म्हणून झटता, आणि स्वतःला मात्र नको ते दिसतं!"

तो हसला. गालाला एकाच बाजूने खळी पडली… आणि मग ते हसू हळूहळू विरत गेलं.

"एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"त्या… तुमच्या घरातल्या बाई. त्या बोलत का नाहीत कधी?"

पेन्सिल माझ्या हातात तशीच राहिली. "मी एकटी राहते. कालही सांगितलं."

"तुम्ही काल तसं नव्हतं सांगितलंत. तुम्ही फक्त थट्टा केलीत."

"मग आज सांगते. एकटी राहते."

त्याने मान डोलावली आणि तो चित्र काढत बसला. तास संपला. आम्ही कागद कॅमेऱ्यासमोर धरले. माझ्या चित्रातला चष्मेवाला बटाट्यासारखा दिसत होता. त्याच्या चित्रातली मी जरा बरी होते, मान तेवढी जास्त लांब. पण माझ्या मागे, कपाटाच्या कडेला, त्याने आणखी कुणालातरी काढलं होतं. चेहऱ्याच्या जागी नुसता गोल. नाक नाही, डोळे नाहीत. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. त्या खाली कललेल्या खांद्यावर टॉवेल. आणि उजवा हात तोंडावर… हसू झाकावं तसा.

मी लॅपटॉप धाडकन मिटला.

*

मला माझ्या आत्याने वाढवलं. ती पोहायला शिकवायची. पोहण्याच्या तलावावर उभं आयुष्य गेलं तिचं. खांद्यावर कायम ओला टॉवेल, गळ्यात शिट्टी. काठावर थरथरत उभ्या राहिलेल्या पोरांना ती कधी ढकलायची नाही, ओरडायचीही नाही. जवळ जाऊन एक छोटीशी शिट्टी मारायची, एवढंच. पोरं उडी टाकायची. का टाकायची कोण जाणे, पण टाकायची.

दात मात्र तिचे लवकर गेले. मग ती तोंडावर हात धरून हसायची. मी हे काम शिकले ते त्यासाठीच. मी केलेली पहिली कवळी तिची. सरळ, मोत्यांसारखे दात लावून मी ती तिच्यासमोर धरली, तर तिने तोंड फिरवलं.

"हे माझे नाहीत. माझा डावीकडचा सुळ्याशेजारचा दात वाकडा होता. शेजारच्याच्या मांडीवर बसल्यासारखा. तसा करून दे."

"अगं आत्या, लोक पैसे मोजून सरळ करून घेतात!"

"लोकांचं लोकांपाशी. आरशात मला परकी बाई नकोय."

मी दात वाकडा करून दिला. त्यानंतरही जुन्या सवयीने ती हात तोंडावर न्यायची, आणि मग आठवण झाली की काढायची. तिला जाऊनही बरेच दिवस झाले होते आता. मी तिच्याच घरात राहत होते. कामावर जायचं, घरी यायचं. मैत्रिणींनी बोलावणं हळूहळू सोडून दिलं होतं. उन्हाळी वर्गात नाव घातलं ते तरी काय, घरात आपल्याशिवाय आणखी कुणाचा तरी आवाज यावा म्हणून.

त्या संध्याकाळी मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिले. हात लावायचं धाडस होत नव्हतं. मग लावला.

खुर्चीची गादी ओली होती. आणि हाताला वास आला तो पोहण्याच्या तलावातल्या पाण्याचा.

*

दुसऱ्या दिवशी जोड्या लागल्या लागल्या मी म्हणाले, "आज त्यांचं तोंड काढा. माझं नको. त्यांचं."

चष्मेवाल्याचे डोळे तारवटलेले होते. "मी डोळे तपासून घेतले काल. वडिलांनीच तपासले. म्हणाले, तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, झालंय ते डोक्याला."

"काढा ना. प्लीज."

"त्या हसताहेत आज. हात काढलाय तोंडावरचा."

"मग दात दिसत असतील. जसे दिसतात अगदी तसे काढा."

तो बघत राहिला. माझ्या मागे. मला त्याची नजर सरकताना दिसत होती, आणि माझ्या मानेवरचे केस एकेक करून उभे राहत होते. मी मागे वळले नाही. वळून काय दिसणार होतं मला?

त्याने कागद समोर धरला. वेडेवाकडे ओठ, आणि ओठांआड दात. डावीकडे, सुळ्याच्या शेजारी, एक दात शेजारच्याच्या मांडीवर बसलेला.

तो दात मी स्वतः मेणात बसवला होता. जगात दुसऱ्या कुणाकडे तसा नव्हता.

"अहो… रडू नका," तो घाबरून म्हणाला. "चुकलं का काही? मी खोडतो—"

"खोडलंत तर बघा!" मी नाक पुसत म्हणाले. "ती माझी आत्या आहे."

पलीकडे त्याने खोडरबर खाली ठेवला. 

"त्या… आहेत?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. म्हणजे… होती."

तो उठून पळेल असं मला वाटलं. कुणीही पळालं असतं. तो मात्र चष्मा काढून पुसू लागला. तो साध्या काचांचा असतो, दुकानात शोभावा म्हणून घालतो, हे मला नंतर कळलं. चष्मा परत घालून, खुर्चीत जरा सावरून बसत तो माझ्या खांद्यामागे बघत म्हणाला,

"नमस्कार, आत्या."

आणि मला म्हणाला, "मान हलवली त्यांनी."

मला वाटतं, त्याच क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले. पण ते कळायला मला उन्हाळा संपावा लागला.

*

मग मला संध्याकाळचं वेड लागलं. लॅबमधून मी पळत घरी यायला लागले. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या वहिनी म्हणायच्या, "काय गं, घरी दूध उतू जातंय का?" मी नुसती हसायची.

वर्ग संपला तरी आम्ही दोघं चौकटीत थांबायचो. त्याच्याकडे सकाळ असायची. तो दुकानाचं शटर अर्धं वर करून बसायचा, आणि त्या फटीतून आत आलेलं ऊन त्याच्या काचांवर नाचायचं.

"आहे?" मी पहिला प्रश्न हाच विचारायची.

"आहेत. खुर्चीत. पाय हलवताहेत."

"आणि आता?"

"आता हाताने काहीतरी दाखवताहेत. असं… हनुवटीखाली बोट."

"हनुवटी वर! पोहताना सांगायची ती."

मी हनुवटी वर करायची. तो हसायचा. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते आम्हा दोघांनाही आठवत नाही. एकदा तो म्हणाला, "तू आज केस वेगळे बांधलेत," आणि मी म्हणाले, "तुला कसं कळलं?" आणि मग दोघंही एकदम थांबलो… ठेच लागावी तसे.

रोज वर्ग संपला की मी खुर्ची चाचपून बघायची. ओली असायची. फरशीवर कधी पावलं उमटलेली असायची, ओली, टाचेचा भाग ठसठशीत. दारापासून खुर्चीपर्यंत. परत जाणारी मात्र नसायची. दुसऱ्या कुणाला भीतीने झोप लागली नसती. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शांत झोप लागत होती.

चित्रंही सुधारली. माझ्या चित्रातला चष्मेवाला आता माणसासारखा दिसायला लागला. प्राध्यापक बाई म्हणाल्या, तुझे डोळे चुकतात पण जबडा उत्तम येतो. तो खो खो हसला.

"हसू नकोस. हलतोय जबडा," मी म्हणाले.

"एवढ्या प्रेमाने माझ्या जबड्याकडे कुणी पाहिलं नव्हतं."

"धंद्याची सवय."

"नुसती सवय?"

 माझी पेन्सिल एकाच जागी इतकी फिरली की कागद फाटला.

एके दिवशी मी नेहमीसारखं विचारलं, "आहे?" 

"आज मला विचार ना," तो म्हणाला.

"काय?"

"मी कसा आहे ते. एकदाही विचारलं नाहीस तू."

मला लाज वाटली. "सॉरी. कसा आहेस?"

"बरा आहे. वडिलांशी वाद झाला सकाळी. त्यांना वाटतं मी दुकानात लक्ष—"

"आणि आत्या?" माझ्या तोंडून निघून गेलं. "आत्या आहे ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच माझ्या मागे नाही, माझ्याकडे. मग तो मंद हसला. त्या हसण्यात खळी नव्हती.

"आहेत," तो म्हणाला. "आहेत तुझ्या आत्या."

*

त्यानंतर तो जरा बदलला. बोलायचा, थट्टा करायचा, पण आत्याबद्दल सांगताना शब्द मोजून वापरायचा. "आहेत." "हसताहेत." "काल होत्या तशाच." मी खोदून विचारलं की नेट गेल्याचं निमित्त करायचा.

खुर्ची कोरडी लागायला लागली होती. मी मनाशी म्हणायची, ऊन फार आहे, वाळत असेल.

एक दिवस मी हट्टच धरला. "आज पुन्हा तिचं हसू काढ. नीट. मला फ्रेम करून लावायचंय."

"दुसऱ्या एखाद्या दिवशी काढू."

"आजच. हसतेय ना ती?"

"…हो."

त्याने काढलं. खूप वेळ लावला. आता त्याचा हात बसला होता, त्यामुळे चित्र सुंदर आलं होतं. खांदा, टॉवेल, डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्या, सगळं. आणि ओठांआड सरळ, मोत्यांसारखे दात.

मी कितीतरी वेळ त्या दातांकडे बघत होते.

"ही माझी आत्या नाही," मी म्हणाले.

त्याने कागद खाली ठेवला. हे हसू त्याने बघून काढलेलं नव्हतं, मला सगळं समजलं.

"कधीपासून नाहीये ती?"

"बरेच दिवस झाले."

"आणि तू रोज सांगत होतास, आहे म्हणून? हसतेय म्हणून?"

"शेवटच्या दिवशी त्या उठल्या," तो हळू आवाजात म्हणाला. "तू खाली मान घालून चित्र काढत होतीस. त्या तुझ्या अगदी जवळ आल्या. तुझ्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्या डोळ्यांत… आणि दाराकडे बोट केलं. माझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी. तुझ्याकडे, मग दाराकडे. परत तुझ्याकडे, परत दाराकडे. मग त्या त्याच दाराने बाहेर गेल्या. पुन्हा आल्या नाहीत."

"हे तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू परत आली असतीस का इथे? या चौकटीत? माझ्यासाठी?"

मी मागे वळून रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"खरं सांग," तो म्हणाला. "तू मला बघायला येत होतीस, की माझ्या डोळ्यांतून त्यांना?"

  त्याच्या खणांमधल्या साऱ्या फ्रेमा उत्तरासाठी थांबल्यासारख्या वाटल्या. मी चौकट बंद केली.

*

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. खुर्ची कोरडी. फरशी कोरडी. मी सगळ्या घराचा वास घेत फिरले. तलावाच्या पाण्याचा लवलेशही नव्हता. दुसऱ्यांदा मरण पाहिल्यासारखं झालं. वर्गात मी कॅमेरा बंद ठेवून बसायची. तो कागदावर मान घालून असायचा. बाईंनी दोघांनाही काही विचारलं नाही.

मग एक दिवस लॅबमध्ये एक जबडा आला. इतका मजेशीर, की खालचे दात वरच्यांवर रुसून बसल्यासारखे. मी फोन काढला, फोटो घेतला, आणि 'हा बघ तुझा भाऊ' असं लिहून पाठवणार… तोच अंगठा थांबला.

कुणाला पाठवत होते मी हे? आत्याचा तर विचारही मनात आला नव्हता. खळी मनात आली होती.

"काय गं?" वहिनी म्हणाल्या. "इतके दिवस घरी पळत सुटायचीस, तेव्हा मी विचारलं नाही. आता घरी जायलाच नको म्हणतेस, म्हणून विचारते."

"वहिनी," मी म्हणाले, "माणूस समोर होता तेव्हा मी दुसरीकडे बघत बसले."

"मग आता समोर जा," त्या म्हणाल्या, आणि मेण तापवायला वळल्या. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

वर्गाच्या शेवटी विद्यापीठात चित्रांचं प्रदर्शन होतं. ज्यांना जमेल त्यांनी यावं, असं बाईंनी सांगितलं होतं. मी तिकीट काढलं. तो येणार की नाही, हे मी विचारलं नाही. विचारायचा धीरच झाला नाही.

निघायच्या सकाळी बॅग भरून मी दाराशी उभी राहिले. आत्या गेल्यापासून एका रात्रीसाठीसुद्धा मी हे घर सोडलं नव्हतं. किल्ली हातात होती आणि पाऊल काही उचलत नव्हतं. आपल्या मागे ती आली, दार लावलेलं दिसलं तर? खोलीभर ऊन पसरलं होतं. खुर्ची तशीच. पंखा बंद. पडदासुद्धा हलत नव्हता.

आणि माझ्या कानाशी, अगदी जवळून, एक छोटीशी शिट्टी वाजली.

मी ओरडले नाही. अंगावर सरसरून काटा आला, डोळे भरून आले, आणि पाय आपोआप उचलले गेले. दार ओढून घेऊन मी जिना उतरायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझ्यापुढच्या पायऱ्या ओल्या होत्या. एकेक करून. खालपर्यंत.

*

विमान, मग गाडी, मग एका लांबलचक दगडी इमारतीतली भलीमोठी ओवरी. दोन्ही बाजूंना आमची चित्रं टांगलेली. इतके दिवस चौकटीत पाहिलेल्या माणसांना आता पाय होते. सगळेच एकमेकांच्या पायांकडे बघून हसत होते.

तो ओवरीच्या टोकाला उभा होता.

मी समजत होते त्याहून बराच उंच. बसलेल्या माणसाची उंची कुठे कळते? शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच. मला बघताच त्याने खिशातले हात बाहेर काढले, आणि आता त्यांचं काय करायचं ते न सुचून परत खिशात घातले.

"तू आलीस," तो म्हणाला.

"तूही आलास."

"मी कालपासून इथे आहे. म्हटलं, चुकून आलीसच तर…"

आम्ही दोघंही त्याने काढलेल्या चित्रासमोर उभे होतो. त्यात मी एकटीच होते. खाली मान, हातात पेन्सिल. मागे खुर्ची नाही, कपाट नाही, कुणीच नाही. मी अशी दिसते हे मला माहीत नव्हतं. इतकं बारकाईने कुणीतरी बघितलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं," मी म्हणाले.  "मी तिला बघायला येत होते. खोटं कशाला बोलू? पण ती गेल्यावर… मला वाट तुझी बघावीशी वाटली. तिची नाही. तुझी."

 त्याचे डोळे ओले झाले.

"मी खोटं बोललो तुझ्याशी," तो म्हणाला. "पुन्हा नाही बोलणार. कितीही भीती वाटली तरी."

"कसली भीती?"

"तू चौकट बंद करशील याची."

"आता कशी करणार? चौकट आहे कुठे?"

तो हसला, आणि खळी पडली. प्रत्यक्षात ती जास्त खोल होती. मी न राहवून बोट लावून बघितलं. तो इतका दचकला की त्याचा साध्या काचांचा चष्मा नाकावरून घसरला, आणि मीच तो वर सरकवला. माझी बोटं त्याच्या कानाशी थांबली… जरा जास्तच वेळ.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "हे आत्यांकडे बघून नाही, माझं मी सांगतोय."

"मलाही तू आवडतोस."

"कधीपासून?"

"आत्याला नमस्कार केलास तेव्हापासून. पण मला ते कळलं फार उशिरा."

तेवढ्यात आमच्या वर्गातली पाववाली मुलगी धावत आली. बेकरीत काम करणारी, दर तासाला कॅमेऱ्यासमोर काहीतरी खात बसणारी. हातात तिच्या फोन होता.

"थांबा, थांबा, फोटो काढते! असेच उभे राहा!" वर्गाच्या भाषेत ती ओरडली.

आम्ही भिंतीला पाठ करून उभे राहिलो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. पाववालीने फोन डोळ्यांसमोर धरला, एक डोळा मिटला, भुवया आक्रसल्या. फोन आडवा केला. दोन पावलं मागे गेली.

"अजून जरा जवळ या ना," ती म्हणाली. "तिघं मावत नाही आहात."

 त्याचा हात माझ्या हाताशी आला आणि बोटं घट्ट गुंतली. हवेत कुठूनतरी तलावाच्या पाण्याचा ओला, ओळखीचा वास दरवळला.

आम्ही मागे वळून बघितलं नाही. मी हनुवटी वर केली, आणि आम्ही जवळ सरकलो.